सतराव्या पानावरचा मासा

रविवारी दुपारी चहा निवतोय याचंही भान न ठेवता प्रमिलाबाईंनी रहस्यकथेचं पान उलटलं, तर पुढे थेट पुठ्ठाच! इन्स्पेक्टरने सगळ्यांना दिवाणखान्यात गोळा केलं होतं, खुन्याचं नाव घ्यायला तोंड उघडलं होतं, आणि नेमकं तेच पान कुणीतरी फाडून नेलं होतं.

"काय मेली माणसं!" त्या करवादल्या. आता खुनी डॉक्टर, की ती गोडबोली भाची?

त्यांनी घाईघाईने सतरावं पान उघडलं. वाचलेलं पुस्तक चुकून पुन्हा घरी येऊ नये म्हणून वाचनालयातली जुनी मंडळी त्या पानावर आपापली खूण करून ठेवत. तिथे पेन्सिलीने काढलेला इवलासा मासा होता. म्हणजे वरच्या मजल्यावरचे सोहोनी! त्यांनी वाचलं तेव्हा पान शाबूत असेल तर?

पण सोहोनींच्या न्हाणीघरातलं पाणी प्रमिलाबाईंच्या स्वयंपाकघरात गळायला लागल्यापासून दोन्ही घरांत अबोला होता.

प्रमिलाबाईंनी छतावरच्या ओलीकडे एकदा रागाने पाहिलं, पुस्तक उचललं आणि तरातरा जिना चढून बेल दाबली.

सोहोनींनी दार उघडलं. पुस्तक दिसताच त्यांचे डोळे लकाकले.

"तुम्हालाही शेवट मिळाला नाही ना? मी कधीचा तळमळतोय हो! मला तर भाचीचाच संशय आहे."

"छे! डॉक्टरच," प्रमिलाबाई चपला काढत म्हणाल्या. "थांबा, बसून सांगते."