शेवटच्या दिव्याचं बूच

दुपारच्या रंगीत तालमीत रंगमंचावरचे सगळे दिवे थरथरायला लागले, तशी प्रकाशयोजना सांभाळणारी किर्स्ती शिडीकडे धावली. केबल एका दिव्यातून दुसऱ्यात ओवत न्यायची आणि शेवटच्याला छोटंसं बूच लावायचं. नाहीतर दिव्यांना केबलमधून जाणारा संदेश टोकाला आपटून माघारी फिरतो आणि दिवे बावचळतात. ते बूच तिचा नवरा वेइको लावायचा, कामाच्या जॅकेटच्या खिशातून काढून. मागच्या गुरुवारी गोठलेली जमीन खणून त्याला पुरलं, तेव्हा त्याच्या अंगात तेच जॅकेट होतं. खिसे तपासायचं तिला सुचलंच नव्हतं. “नवं बूच आणलंय गं,” शिडीवरून तिचा सहकारी पेट्री म्हणाला. “वेइको असता तर आपल्या दोघांचीही हजेरी घेतली असती.” “थांब, लावू नकोस.” “अगं, दिग्दर्शक खाली बोंबलतोय!” “बोंबलू दे.” किर्स्तीने शिडी घट्ट धरली. वर शेवटचा दिवा लुकलुकत होता. “टोकाला जाऊन काहीतरी परत येतंय ना, पेट्री? आजच्यापुरतं तरी येऊ दे.”