दोन्ही हात पाठीमागे

यास्मिनच्या मागावरचा धागा तुटला आणि खडखडाट थांबला. मालनआक्काचा हात सवयीनं पुढं गेला. पण तिच्यासारख्या नव्या सुपरवायझरांना कालच ट्रेनिंगमध्ये बजावलं होतं, कामगाराचं काम आपण उरकायचं नाही. तिनं दोन्ही हात पाठीमागे नेले.

यास्मिननं मारलेली गाठ सुटली. पुन्हा सुटली. पलीकडून मॅनेजर बघत होते.

"आक्का, तुमीच मारा की!" पोरगी रडकुंडीला आली.

"तूच मार. मी हाय हितंच."

अख्ख्या शेडमध्ये आक्कासारखी गाठ कुणाला जमत नसे. नुसतं बघत उभं राहणं तिला फार जड जात होतं.

अखेर गाठ बसली. माग धडधडू लागला, यास्मिन हसली. आक्कानं हात पुढं घेतले, तर त्यांच्यासोबत पदरही आला. त्याच्या सकाळच्या सुट्या दशांना आता गाठीच गाठी मारलेल्या होत्या.