कढत पाणी

मुनीराच्या बाळंतपणासाठी तिच्या सासूबाई, अम्मी, रत्नागिरीहून कतारमधल्या मुऐदरला आल्या आणि अंगणात त्यांनी सोनचाफा लावला.

"अम्मीनं खोचली तर काठीलाही पालवी फुटेल," वली बायकोला म्हणाला. "तुझा पुदिनासुद्धा जगत नाही."

जूनच्या एका भर दुपारी अम्मी पाइप धरून चाफ्याला पाणी घालू लागल्या. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी त्या वेळी कढत झालेलं असतं, हे खिडकीतून पाहणाऱ्या मुनीराला ठाऊक होतं. तिने पडदा ओढून घेतला.

चाफा मुळापासून करपला.

"इथली हवाच वाईट, अम्मी," मुनीरा म्हणाली.

बाळाला रोज न्हाऊ घालणाऱ्या अम्मींनी आज ते उघडंच तिच्या हाती दिलं.

"आजपासून तूच न्हाऊ घाल गो ह्याला. माझ्या हाताला आता गुण राहिला नाही."