दहावी नोंद

"नऊच भरतायत," मास्तर तिसऱ्यांदा म्हणाले. "दहा पाहिजेत."

सिस्टर खिडकीशी पाठमोरी उभी होती. मास्तर म्हणजे तिचे यजमान, शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले. ती निवृत्त नर्स. हरवलेल्या माणसांना शोधणारी त्यांची संस्था छापखान्याच्या माडीवर, दोन टेबलं आणि एका लोखंडी कपाटात मावलेली. दवाखाने, पोलीस ठाणी, शवागारं पालथी घालणं तिच्याकडे, अनुदानाचे अर्ज त्यांच्याकडे.

अर्ज लिहून लिहून मास्तर मेटाकुटीला आले होते. कुणाला शाश्वत परिणाम हवा असे, कुणाला पाच वर्षांचा आराखडा. पुढच्या पाच वर्षांत कोण कोण हरवणार, हे त्यांनी कुठून सांगावं? तरी निमूटपणे लिहीत. 'संस्था का सुरू केलीत?' या रकान्याशी मात्र विचार करावा लागत नसे. आमचा एकुलता एक मुलगा आठ वर्षांपूर्वी सकाळी घरातून गेला, तो परतला नाही. शोध चालू आहे.

बाकी सगळीकडून नकार आले होते. या शेवटच्या न्यासाची अट सरळ होती, वर्षभरात किमान दहा जणांचा छडा लागलेला हवा. नावं द्यायची नव्हती, फक्त तपशील आणि खात्री करून घ्यायला नातेवाइकांचा फोन. मुदत आज पाचपर्यंत, आणि चार वाजून गेले होते.

"ते बसस्टँडवरचे आजोबा धरू या ना," मास्तर म्हणाले.

"ते आपले आपण घरी आले. आपण कुठे शोधले?"

"कोण बघतंय?"

"मी बघतेय."

मास्तर चिडले. "बस तत्त्वं कवटाळून. महिनाअखेर इथे कुलूप लागेल. मग आपल्या पोराला कोण शोधणार? आपण दोघं म्हातारी, काठ्या टेकत?"

तेवढ्यात फोन वाजला. शिंपीणबाई होती. मुलगी बेपत्ता झाल्यापासून दर सोमवारी तिचा फोन ठरलेला. "हो बाई, शोधतोय," सिस्टर म्हणाली. "सोडलेलं नाही. पुढच्या सोमवारी कर फोन." रिसीव्हर ठेवला तरी तिचा हात त्याच्यावरच राहिला.

"गेलेले धरतात का?" तिने विचारलं.

मास्तरांनी नियम पाहिला. "ओळख पटलेली असेल तर धरतात. का? आहे कुणी?"

"आहे एक. फेब्रुवारीतला."

"रजिस्टरमध्ये तर नाही."

"मी लिहिला नाही."

मास्तरांच्या जिवात जीव आला, आणि लगेच स्वतःचीच लाज वाटली. कुणाचं तरी लेकरू गेलं होतं. ते खाली मान घालून टंकायला लागले.

"कुठे सापडला?"

"कालव्यात. गाळ काढताना. हाडंच उरली होती."

"ओळख?"

"आईच्या रक्तावरून पटली. प्रयोगशाळेचा कागद आहे माझ्याकडे."

"कुटुंबाला कधी कळवलं?"

"आईला माहीत आहे. वडिलांना सांगितलेलं नाही."

मास्तरांनी चष्मा काढला. "फेब्रुवारीपासून? अगं, नियम आपलाच ना, त्याच दिवशी कळवायचं? तो माणूस दाराकडे डोळे लावून बसला असेल. एवढे महिने झुलवत ठेवलंस त्याला?"

"त्या आशेवरच तर जगतायत. त्यांना झेपलं नसतं."

"हे ठरवणारे आपण कोण? बाप आहे तो."

"चुकलंच माझं," सिस्टर म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "आजची तारीख घाला."

मास्तर नरमले. इतकी प्रेतं पाहिलेली ही बाई, पण या एका पोराचं तिने मनाला फारच लावून घेतलेलं दिसत होतं. त्यांना तिची कणव आली.

"तू नको बोलूस," ते म्हणाले. "अर्ज गेला की मीच फोन करतो. अशा बापाशी कसं बोलायचं, ते मला कळतं. नंबर सांग."

सिस्टर त्यांच्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली. तिने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि एकेक आकडा सांगू लागली. मास्तर टंकत गेले. पाच आकड्यांनंतर तिला पुढे बोलवेना.

उरलेले पाच मास्तरांना सांगावे लागले नाहीत.