आंबट, पिवळं

आंबट, पिवळं.

कडू पाला.

तांब्याच्या काठावर पळीचा एक ठोका.

कसब्याच्या गणपतीला पहाटे ओल्या धोतराने घातलेल्या प्रदक्षिणा.

नदीवर धुवायला नेलेलं लुगडं.

"ते हो, ते. दूध नासवतं ते."

लिंबू हा शब्द मैनेने लग्न झाल्यापासून उच्चारला नव्हता. नवऱ्याचं नाव लिंबाजी. नाव घ्यायचं नाही, तसा नावासारखा शब्दही नाही. म्हणून लिंबू आंबट-पिवळं झालं, कडुलिंब कडू पाला. पाडव्याला दारावर डहाळी बांधताना ती मुकी होई. हाक मारण्याचाही प्रश्न नव्हता. तांबट आळीत सकाळपासून हातोडे चालत, तिथे कोण कुणाचं ऐकणार. ती पळी घेऊन भांडी वाजवी. तांब्यावर ठोका म्हणजे जेवायला या. परातीवर म्हणजे ती रागावली आहे. भांडी लिंबाजीच्याच हातची, त्यामुळे आवाज तो बरोबर ओळखी. तांब्या वाजला की हातातलं काम पुरं करून उठे. परात वाजली की तसाच उठे.

सोमवारपासून मैना तापाने पडली होती. घरात काहीच वाजत नव्हतं.

शनिवारवाड्यावर दुपारची नौबत झाली आणि आळीतले हातोडे जेवायला थांबले. लिंबाजी ओसरीवर होता. पुढ्यात अर्धवट ठोकलेलं घंगाळ. त्याची आत्या धुणं घेऊन सकाळीच नदीवर गेली होती, अजून आली नव्हती.

"लिंबा."

तो गल्लीकडे बघू लागला. त्याला लिंबा म्हणणारी बाई एकच, आत्या.

"लिंबा, पाणी दे."

आवाज घरातून आला होता.

त्याने हौदाचं पाणी पेल्यात ओतलं. थोडं खाली सांडलं. मैना डोळे मिटूनच पाणी प्याली आणि भिंतीकडे तोंड करून निजली. तो पेला धरून उभा राहिला.

द्या नाही. दे.

सोनबाचं घर समोरचं. गेल्या पावसाळ्यात त्याच्या बायकोला असाच ताप भरला होता, आणि शेवटच्या दिवशी तिने त्याला नावाने हाका मारल्या होत्या. वात डोक्यात गेला की बायका नाव घेतात, असं तेव्हापासून आळीत सगळे म्हणत. सोनबा अजून कामाला बसतो. त्याचा ठोका चुकतो, पण कुणी बोलून दाखवत नाही.

लिंबाजी अनवाणीच धावला. धावता धावता त्याला स्वतःची लाज वाटली. तिच्या तोंडी ते नाव त्याला बरं वाटलं होतं. आणखी एकदा ऐकावंसं वाटलं होतं.

श्रीधरवैद्य नुकतेच जेवून सुपारी कातरत बसले होते.

"वैद्यबुवा, चला. वात झालाय तिला. बरळतेय."

"काय बरळतेय?"

लिंबाजीने धोतराच्या सोग्याने कपाळ पुसलं.

"अरे, सांगशील तर मात्रा ठरवीन ना."

"माझं नाव घेतलं."

"आणि?"

"पाणी दे म्हणाली."

"दिलंस?"

"दिलं."

"प्याली?"

"प्याली."

"आमच्या घरी असा वात कुणाला होत नाही," वैद्य म्हणाले. "झाला तर पेठेत साखर वाटीन." पण सुपारी तोंडात टाकून ते उठले.

त्यांनी मैनेची नाडी पाहिली. जीभ पाहिली. पुन्हा नाडी पाहिली.

"ताप नाहीये."

"उतरला? केव्हा?"

"तो मला विचारून उतरत नाही. अंगात ताकद नाही, तेवढंच. भाताची पेज द्या, वर लिंबू पिळा."

वैद्य गेले. मैनेने पदर सारखा केला.

लिंबाजी तिच्या पायथ्याशी बसला. "ऐकलंस ना काय द्यायचं ते?"

"ऐकलं."

"सांग बघू."

"पेज."

"आणि?"

"तुम्ही नव्हता का इथे?"

"सांग तू."

"वर पिळायचं ते. आंबट, पिवळं."

लिंबाजीने मोठा श्वास सोडला. एवढा मोठा, की मैनेने मान वळवून पाहिलं.

"मघाशी तू मला," तो म्हणाला आणि थांबला.

"मी काय?"

"काही नाही."

"तापात माणूस काय बोलेल, त्याचा काही नेम असतो का," मैना म्हणाली आणि पुन्हा भिंतीकडे वळली.

तो परसात गेला. एका पेजेला एक लिंबू पुरतं. त्याने धोतराच्या ओच्यात मावतील तेवढी तोडली.

आत्या नदीवरून आली. घरभर लिंबं पाहून म्हणाली, "लोणचं घालतोस की दुकान?" तिने पेज शिजत ठेवली, ओलं लुगडं वलणीवर टाकलं. मैनेकडे पाहून ती काही बोलणार होती. मैनेने नुसती मान हलवली. आत्या गालात हसली आणि चुलीशी गेली.

आळीत हातोडे पुन्हा सुरू झाले. लिंबाजीने घंगाळ मांडीशी ओढलं. तो चार ठोके मारी, थांबे, कान आत लावी. पुन्हा चार ठोके. समोरच्या ओसरीवरून सोनबा त्याच्याकडे बघत होता.

मग आत तांब्या वाजला. एकदाच, हलका.

काम अर्धवट टाकून लिंबाजी उठला.

आत्याने नदीवर नेलेलं मैनेचं लुगडं घामाने चिंब भिजलेलं होतं. लिंबाजी गणपतीला प्रदक्षिणा घालत होता तेव्हाच, पहाटे, मैनेचा ताप उतरला होता.