पेटीतल्या सवती

दंतवैद्याने पात्यावरच्या बारीक खुंटीला पुन्हा एकदा अंगठा लावला, पण घडीचा चाकू उघडेना. अखेर त्याने दोन्ही हात लावले, तेव्हा ‘टक्’ असा मंद, निःशंक ध्वनी झाला आणि पाते आपल्या जागी स्थिरावले.

“दिवसभर लोकांचे जबडे बधिर करतो, आज माझीच बोटं बधिर झाली,” तो हसून म्हणाला. “पण वहिनी, आवाज ऐकलात? पातं धरून ठेवणारी खीळ बसल्याचा. हलका चाकू नुसता खुळखुळतो. हा बोलतो.”

“या चाकूंचं बोलणं मला नका सांगू, डॉक्टर. या घरात तेवढेच बोलत होते.”

ती चहा ओतू लागली. पातेल्याची चोच तिच्या हाताला नेहमीच उलट पडे. आजही थोडा चहा बशीत सांडला.

तिचे पती वजने-मापे तपासणाऱ्या कार्यालयात निरीक्षक होते. गेल्या हिवाळ्यात ते निवर्तले. मागे उरल्या दोन खोल्या, त्यांतली शांतता आणि आतून मखमल लावलेली ही चाकूंची शिसवी पेटी. दूरच्या शहरातून मुलगी वारंवार फोन करी, “आई, ती पेटी एकदाची काढून टाक आणि इकडे ये.” पेटी त्यांच्यासारखेच चाकू जमवणाऱ्या या दंतवैद्याच्या हाती सोपवावी आणि निघावे, असे तिनेही ठरवले होते. मात्र जाण्यापूर्वी तिला एक गोष्ट जाणून घ्यायची होती. आपल्यात नव्हते असे या पात्यांत त्यांना काय सापडले होते?

“एक सांगा मला,” ती म्हणाली. “पोलादाच्या या तुकड्यांत असं असतं तरी काय?”

दंतवैद्याने चाकू प्रकाशात धरला. त्याचा स्वर देवघरात बोलावे तसा खाली आला.

“हे पातं पाहा. दोन जातींचं पोलाद एकावर एक ठेवून, घडी घालून, ठोकून काढलंय. पाण्यावर तरंग उठावेत तशी ही नक्षी दिसते ना, ती वरून कोरलेली नाही, आतलीच आहे. मूठ टायटॅनियमची. मिटलं की पातं दोन्ही बाजूंच्या बरोबर मधोमध बसतं, केसाचा फरक नाही. असा कारागीर दुकान मांडून बसत नसतो, वहिनी. त्याला आपल्या हाताचं माप कळवायचं आणि वाट पाहायची. वर्षसुद्धा लागतं.”

“आणि एवढं करून कापायचं काय?”

“सफरचंद.” तो ओशाळला. “फार तर टपालाची पाकिटं. माझी बायकोही हेच विचारते.”

“तिला सांगा, मी तिच्या बाजूची आहे.”

दंतवैद्याने डोळ्याला भिंग लावले आणि तो पात्यावर वाकला. ती खिडकीकडे पाहत राहिली. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तिने आयुष्यभर अनोळखी माणसांची बोलणी एकमेकांना जोडून दिली होती. घरी परतावे तर दिव्याच्या एका बाजूला ते, मऊ कापडाने पाते पुसत असलेले. आणि दुसऱ्या बाजूला ती.

“लग्नाच्या वाढदिवसाला माणसं बायकोला काही तरी आणतात,” ती म्हणाली. “हे नवा चाकू आणायचे. वर जेवण झालं की माझ्याचपुढे हात पसरायचे, ‘एक नाणं दे.’ दरवर्षी! मी म्हणायची, सगळं या सवतींवर उधळून झालं, आता माझ्या पर्सवर डोळा? नाणं काही मी कधी दिलं नाही. मग नुसते हसायचे आणि चाकूची डबी घेऊन आत जायचे.”

“हं,” दंतवैद्य भिंगातून डोळा न काढता म्हणाला. त्याने ऐकले होते असे वाटले नाही.

तिने पेटीतला सर्वांत लहान चाकू उचलला. त्यांच्या हयातीत तिने या पेटीला कधी स्पर्श केला नव्हता. त्यांनी नको म्हटले नव्हते. तिलाच ते कमीपणाचे वाटे. तिचा अंगठा आपोआप खुंटीवर गेला.

टक्.

दंतवैद्याने मान वर केली. “पुन्हा उघडा पाहू.”

तिने मिटला, पुन्हा उघडला.

“हात बसलाय तुमचा!”

“चेष्टा करता काय? मला घरातली कात्रीसुद्धा धड चालवता येत नाही. ‘तुझ्या हाताला जगातलं एकही हत्यार सरळ पडत नाही,’ म्हणायचे हे.”

दंतवैद्य तिच्या हाताकडे पाहतच राहिला. मग त्याने उरलेले चाकू एकेक करून उघडले, प्रत्येकाची खीळ निरखली आणि प्रत्येक चाकू जिथल्या तिथे परत ठेवला. त्याचा चहा निवून गेला होता.

“वहिनी, हे मला घेता यायचे नाहीत.”

“का? खोटे निघाले?”

“छे! असे अस्सल मी उभ्या जन्मात पाहिले नाहीत. पण यांची खुंटी, खीळ, सगळं उलट्या बाजूला आहे. एकूण एक चाकू मुद्दाम तसा करवून घेतलाय. साहेब डावरे होते का?”

“नाही हो.” ती थबकली. लहान चाकू अजून तिच्या मुठीत उघडाच होता. “डावरी मी आहे.”

खालच्या रस्त्यावरून कुणी तरी सायकलची घंटी वाजवत गेले.

“माझ्यासाठी होते,” ती हळूच म्हणाली, “तर मग एकदाही माझ्या हातात का नाही ठेवले?”

दंतवैद्य भिंग पुसून खिशात ठेवत होता.

“चाकू असा नुसता हातात ठेवत नाहीत, वहिनी,” तो सहज म्हणाला. “भेट दिलेल्या चाकूनं नातं कापलं जातं, असं आम्ही वेडी माणसं मानतो. म्हणून देणारा आधी घेणाऱ्याकडून एक नाणं मागून घेतो. कशासाठी, ते मात्र सांगायचं नसतं.”