राखलेली खुर्ची

हिशेब सोपा होता: मशीन चालवणाऱ्या प्रोग्रामचा मूळ सोर्स, म्हणजे माणसानं लिहिलेला मजकूर, फक्त आपल्याकडे राहिला, तर आपल्या खुर्चीला हात लावायची कुणाची छाती नाही. म्हणून भिंगांच्या कारखान्यातल्या प्रोग्रामरनं पास्कल या संगणकभाषेत लिहिलेली ती मूळ फाइल पेनड्राइव्हवर घरी नेली. ऑफिसात ठेवली फक्त कंपाइल झालेली, यंत्रालाच वाचता येणारी. आज नवे संगणक आले आणि सोर्सचं यंत्रभाषेत रूपांतर करणारा फुकटातला कंपायलर अडून बसला: फाइल जुन्या प्रोसेसरची, सोर्स सापडत नाही. “सापडेल की! उद्या मशीन सुरू व्हायलाच हवं,” साहेब म्हणाले. पाय नाचवत प्रोग्रामरनं बायकोला फोन लावला. “तो पेनड्राइव्ह? लेकीनं पुसून नाचाची गाणी भरली. तिनं विचारलं, तुम्ही नंदीबैलासारखी मान डोलावलीत. संध्याकाळी येताय ना तिचा नाच बघायला?” फोन ठेवून तो कोऱ्या पडद्यावर पहिल्यापासून लिहू लागला. त्याची खुर्ची शाबूत राहिली. लेकीनं रुमाल टाकून राखलेली सभागृहातल्या पहिल्या रांगेतली तेवढी रिकामी गेली.